चुकांचा खेळ

सिएरा डोंगराच्या पायथ्याचं ते गाव दर ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी दोन वाजता एकच सिनेमा बघतं. सेहेचाळीस वर्षांपूर्वी गावामागच्याच खडकांत सहा दिवसांत उरकलेला 'लाल खिंडीचा पहारेकरी'. अठराशे सत्तर सालच्या शेरीफच्या मनगटावर घड्याळ, सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून अकरा बार, नदीत वाहून गेलेली टोपी लगेच नायकाच्या डोक्यावर, तीही कोरडी ठाक. चूक दिसली की प्रेक्षकांनी ओरडायचं, औषधांच्या दुकानातला पर्डी घंटा वाजवणार आणि ओरडणाऱ्याला लेमनेड फुकट. सिनेमा इतका वाईट आहे, की गाव त्याच्या प्रेमात पडलं त्यात नवल नाही.

डेल्मर हॉजला त्यात कधी हसू आलं नाही. तो यायचा तो बायकोसाठी, आयोनासाठी. सिनेमाच्या मध्यावर नायकाच्या कपड्यांतला एक स्वार घोड्यासकट कोसळतो. तो नायक नव्हेच. डेल्मरचा थोरला भाऊ हॉलिस, आयोनाचा पहिला नवरा. तो त्यानंतर उठला नाही. कंपनीनं पुढचा तुकडा कापला आणि पडण्याचा तेवढा सिनेमात ठेवला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक!

आयोनाची नजर जाऊन सहा वर्षं झाली होती. डेल्मर तिच्या कानाशी लागून पडद्यावरचं सांगायचा. स्वतःच्या भावाचं मरण स्वतःच्याच बायकोला दरवर्षी सांगायचं, आणि ती त्याच वेळी आपला हात घट्ट धरते हे सोसायचं. मेलेल्या माणसाचा मत्सर फार वाईट, त्याला उतार पडत नाही.

त्या काळी घोडा पाडायला त्याच्या पुढच्या पायांना बारीक तार बांधत. दुसरं टोक जमिनीतल्या खुंटाला. तार ताणली की घोडा कोसळणार. ती मोजून ठेवायची, म्हणजे स्वार उकरलेल्या मऊ वाळूत पडतो. मोजायचं काम डेल्मरकडे होतं. चौकशीत त्यानं सांगितलं, घोडा आधीच अडखळला. कुणी तार मोजली नाही. वर्षभरात त्यानं आयोनाशी लग्न केलं. आयुष्यात त्याला मिळालं ते एवढंच, आणि खरं कळतं तर तीही गेली असती.

तार पडद्यावर दिसत नसे. तीन वर्षांपूर्वी मागून एक बाई ओरडली, "तार! घोड्याच्या पायात तार!" घंटा वाजली.

"कसली तार, डेल?"

"ओरखडा गं. जुनी फिल्म, दुसरं काय!"

पुढच्या वर्षी ती उन्हात लखलखली. गेल्या वर्षी खुंटही दिसला. डेल्मर यंत्रावरच्या माणसाला जाऊन भेटला. "काका, रिळं तीच," तो म्हणाला, "तुमचा चष्मा नवा असेल." चोराच्या मनात चांदणं, म्हणून डेल्मरनं ते सोडून दिलं.

यंदाही तो सांगत होता. "शेरीफ आला. घड्याळ घातलंय मेल्यानं." आयोना हसली. मग खिंड आली, धूळ आली.

"हॉलिस येतोय," तो म्हणाला. तिनं हात धरला.

घोडा कोसळला. दरवर्षी इथं चित्र तुटायचं. आज तुटलं नाही.

खडकावर हॉलिस पडून होता. त्याच्या पुढे उकरलेली वाळू दिसत होती. सपाट. तिच्यावर एकही खूण नव्हती.

कुणी ओरडलं नाही. पर्डीनं घंटा वाजवली नाही.

"झालं," डेल्मर घाईनं म्हणाला. "आता नायक मास्तरणीला घोड्यावर घेतोय."

आयोनाचा चेहरा दुसऱ्या बाजूला वळला होता.

"जरा गप्प बस, डेल. दोघं एकदम बोललात की मला काही कळत नाही."

"कोण दोघं?"

"हा वेगळंच सांगतोय. वाळू पुढेच राहिली म्हणतो."

"अगं, तिकडे कुणी नाहीये."

ती ऐकत राहिली. ऐकताना तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. मग तिनं त्याच्या मुठीतून आपला हात काढून घेतला.

"डेल, तो विचारतोय," ती म्हणाली, "तार आठ पावलं आखूड का केलीस?"

आठ. हा आकडा त्यानं स्वतःशीसुद्धा कधी उच्चारला नव्हता.

त्यानं तिच्या पलीकडे पाहिलं. माणूस उठला की आपोआप मिटणाऱ्या खुर्च्या त्या. पलीकडची खुर्ची रिकामी होती, पण मिटलेली नव्हती.

त्या खुर्चीच्या दांड्यावर आयोनानं आपला हात ठेवला होता, आणि तिची बोटं एकेक करून फाकत होती, मधे दुसऱ्याची बोटं शिरावीत तशी.