चौथं रीळ आधी

मशीनबाईंच्या पत्राला मी आठ महिने उत्तर दिलं नाही. सुचलं नाही असं नाही. फार सुचलं, तीच अडचण झाली.

आमची ओळख जिना चुकल्यामुळे झाली. ग्रंथालयाच्या वरच्या सभागृहात फिल्म क्लबचे खेळ होत. मध्यंतरात कुणाशी बोलावं लागू नये म्हणून मी सटकलो, भलताच जिना चढलो आणि थेट प्रोजेक्टरच्या खोलीत शिरलो. आत पांढरे केस वर बांधलेल्या एक बाई सुती हातमोजे घालून रीळ गुंडाळत बसल्या होत्या. क्लबात त्यांना सगळे मशीनबाई म्हणत.

“दार लावा, उजेड येतो,” त्या म्हणाल्या.

मी लावलं... आतून. मग आपण आत काय करतोय, हे मलाच कळेना. त्यांनी एक स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं.

त्यानंतर दर खेळाला मी त्याच स्टुलावर. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण मशीनच्या घरघरीत फुटायचा. छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या मजकुरात खोट शोधायची आणि खोट नसेल तिथे अर्थ शोधायचा, अशी डोक्याला सवयच लागलेली. नायिकेनं खिडकी का उघडली, कुत्रं तीनदाच का भुंकलं, सगळं मी त्यांना समजावून सांगे.

“तुमचं डोकं रात्री तरी बंद होतं का हो?” एकदा त्यांनी विचारलं.

“झोपेत जरा हळू चालतं.”

त्या हसल्या. त्या हसण्यावर मी पुढचा आठवडा विचार केला.

मग तो सिनेमा आला. एक माणूस, त्याची बायको, नदीकाठचं घर. माणूस प्रवासातून थकून परत येतो, बायको पाणी देते, तो बूट काढतो. आणि पुढच्याच प्रसंगात बॅग भरून निघून जातो. संपल्यावर मी खाली सभागृहात उतरलो. क्लबच्या सेक्रेटरींनी चर्चा सुरू केली, कुणाला काही कळलं नव्हतं, आणि कसा कोण जाणे, मी उभा राहिलो. म्हणालो, परत येणं आधी आणि जाणं नंतर, हेच तर दिग्दर्शकाला सांगायचंय. ज्याला घर मिळालं, तोच खऱ्या अर्थानं घर सोडू शकतो. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी माझ्याकडून चार पानांचा लेख लिहवून घेतला आणि क्लबच्या पत्रिकेत छापला.

आठवड्यानं पत्र आलं. गोल, सावकाश अक्षर.

‘तुमचा लेख दोनदा वाचला. एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी माझ्याकडून चौथं रीळ आधी लागलं आणि तिसरं नंतर. डब्यावर आकडे स्पष्ट होते. पण तुम्ही बोलत होतात आणि माझं लक्ष तुमच्याकडे होतं. खाली येऊन सांगणार होते, पण माझ्या चुकीबद्दल इतकं सुंदर कुणी कधी बोललं नव्हतं. कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. बुधवारी दुपारी मी रिळं तपासते. सरळ क्रमानं बघायला याल? सरळ लावला की तो माणूस शेवटी परत येतो.’

मी काय वाचलं? फक्त चूक. जन्मभर लोकांच्या चुका पकडणाऱ्या माणसाला उलटसुलट लागलेली रिळं कळली नाहीत, वर त्यानं त्यात तत्त्वज्ञान शोधलं! क्लबात जाणं बंद केलं. घरी मात्र उत्तरं लिहीत बसलो. योगायोगातून उपजलेला अर्थ खरा की खोटा, यावर अकरा पानं झाली. फाडली. पुन्हा नऊ झाली.

परवा क्लबची सूचना आली. पुढच्या महिन्यापासून नवं मशीन, रिळं बंद. म्हणजे मशीनबाईंचं कामही संपणार. बुधवार एकच उरला होता.

ताई, माझी थोरली बहीण, माझ्याकडेच राहते. टेबल पुसताना तिला पत्र सापडलं. तिनं ते उभ्यानंच वाचलं, मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिली.

“हे कधीचं?”

मी सांगितलं.

“आणि ही नऊ पानं?”

“उत्तर. अजून नीट झालं नाही.”

“त्यांनी तुला सिनेमाचा अर्थ विचारलाय का रे?”

मी पानांच्या कडा जुळवू लागलो.

“येतोस का, एवढंच विचारलंय. आणि लक्ष तुमच्याकडे होतं, असं लिहिलंय. निळ्या शाईत, ढळढळीत. तू वाचतोस तरी काय?”

मी पत्र पुन्हा हातात घेतलं. ती ओळ तिथेच होती. आठ महिने मी तिच्यावरून पुढच्या ओळीवर उडी मारत आलो होतो.

नऊ पानं बाजूला ठेवली आणि एक कार्ड घेतलं.

‘बुधवारी येतो. उशीर झाला, त्याचं कारण सांगण्यासारखं नाही. सिनेमा सरळ लावा. मी बोलणार नाही... म्हणजे, तुम्ही म्हणालात तर बोलेन.’

तपासायला घेतलं तर पुन्हा फाडेन, हे ठाऊक होतं. म्हणून एकदाही न वाचता कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं आणि तिथूनच थेट केस कापायला गेलो.