कुणाची गं तू?

सहलीची बोट बुधवारी येते. आमचा धक्का लहान, म्हणून ती बाहेर खोल पाण्यातच उभी राहते आणि माणसांना छोट्या होड्यांतून आणून सोडतात. पहिली होडी सकाळी आठला, शेवटची संध्याकाळी पाचला. तेवढ्या वेळात त्यांचं आमचं अंथूसा बेट बघून होतं. मी इथे साठ वर्षं काढली, माझं अजून झालं नाही, पण ते असो.

धक्क्यासमोरचं कॉफीचं दुकान माझं. पाच टेबलं आणि वर द्राक्षाचा मांडव. उतरणाऱ्या माणसांच्या दोन जाती असतात. एक बसमध्ये बसते, गाईड सांगेल तिकडे माना वळवते. दुसरी म्हणते, आम्ही आमचं आमचं फिरणार. यांच्या हातात नकाशा, पायांत डोंगर चढायचे बूट. "वरच्या गावाला वाट कुठून?" म्हणून मलाच विचारतात. मी चर्चमागच्या पायऱ्या दाखवते. चारशे बारा आहेत. वर पडकी घरं, अंजिराची झाडं आणि शेळ्यांच्या लेंड्या. तरी खाली आल्यावर घाम पुसत प्रत्येकजण मला म्हणणार, "किती नशीबवान तुम्ही, इथे राहता!" दुरून डोंगर साजरे. म्हणावं, फेब्रुवारीत या. दाढ दुखायला लागली की वारा पडेपर्यंत बोट नाही, चार दिवस गाल धरून बसा.

या वर्षी ईस्टर झाल्यावर तिसऱ्या बुधवारी एक टकला माणूस वरून खाली आला आणि पाणी मागून घेतलं. जीभ टाळूला लावून चव घेत होता.

"त्या आजींनी काय दिलं हो मला?" तो म्हणाला. "चमच्यावर एकच गुंडाळी. गोड, पण मागून कडू."

"कुठल्या आजी?"

"वरच्या. निळ्या दाराच्या. फार प्रेमळ. मला काहीतरी विचारलंन. तीनोस ईसे, तीनोस ईसे. म्हणजे काय?"

"म्हणजे कुणाचा तू," मी म्हटलं. आमच्या ग्रीक बेटांवर अनोळखी माणसाला आधी नाव विचारत नाहीत. कुणाचा ते विचारतात. "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी काय सांगणार? हसलो. मग गालावरून हात फिरवलान माझ्या."

वरच्या गावात कुणी राहत नाही. शेवटची राहिली ती माझी आई, आणि तिला जाऊन ऑक्टोबरात तीन वर्षं होतात. निळ्या दाराची किल्ली माझ्या दुकानात, कॉफीच्या डब्यांमागच्या खिळ्याला असते. दुकान तसंच टाकलं आणि वर गेले.

कुलूप गंजलेलं, दोनदा पिरगाळल्यावर उघडलं. आत टेबलावर फडकं, फडक्यावर पालथा घातलेला ग्लास आणि शेजारी चमचा. ग्लास ओला होता. पाहुण्याचा ग्लास लगेच धुवायचा आणि पालथा घालायचा ही आईची शिस्त. फळीवर तिची कडू नारिंगाच्या सालीच्या मुरांब्याची बरणी होती. साल सोलून, गुंडाळून, दोऱ्यात ओवून उकळायची आणि थोडा कडूपणा मुद्दाम ठेवायचा, हे काम तिच्याइतकं कुणाला जमलं नाही. झाकणावर धुळीचा थर होता आणि थरात बोटांचे ठसे.

"आई," मी हाक मारली. मग तिच्या खुर्चीसमोर दिवस मावळेपर्यंत बसून राहिले. कुणी आलं नाही. लादीवर माझ्या चपलांचे तेवढे ठसे होते.

आता हे सांगायलाच हवं. आम्ही दोघी बहिणी. आमच्याकडे पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यावं लागतं. माझी ती आजी, झाफिरो, हिनं आईला सात वर्षं पाण्यात पाहिलं. ते नाव माझ्या वाट्याला आलं. धाकटीला आईच्या आईचं नाव मिळालं, अनेझा. आईनं "अनेझा" म्हटलं की त्यात मध असायचा. "झाफिरो" म्हणायची वेळ आली की ती म्हणायची, "अगं ए."

अनेझा एकोणिसाव्या वर्षी मेलबर्नला गेली ती गेलीच. मी राहिले. शेवटची दोन वर्षं आईला मी घास भरवला, तिचं सगळं केलं. रोज सकाळी ती डोळे उघडायची आणि विचारायची, "कुणाची गं तू?"

"तुझीच, आई."

मग ती हनुवटी वर करायची आणि जिभेनं 'च्' करायची. आमच्याकडे नाही म्हणायची ही रीत. "माझी ऑस्ट्रेलियात असते," म्हणायची.

सातशे सकाळी. मी मोजल्या नाहीत, पण तेवढ्या झाल्याच असतील. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

आणि आता बुधवारमागून बुधवार लोक खाली येऊन मला सांगत होते. आजींनी केसांतून हात फिरवला. आजी दारापर्यंत सोडायला आल्या. एकीला तर तिनं कुशीत घेतलं म्हणे. अंगाला उन्हाचं मलम चोपडलेली ही माणसं, आईच्या नावाचं अक्षर ठाऊक नसलेली, आणि त्यांचे लाड! मी सगळे दिवस जाऊन पाहिले. सोमवारी गेले, शुक्रवारी गेले, बुधवारी त्या लोकांच्या मागोमाग गेले. मी दारात पाय ठेवला की आत फक्त ओला ग्लास.

ऑक्टोबर लागला तेव्हा पांतेलीसला सांगितलं. तो धक्क्यावर होड्यांची दोरी धरतो आणि माणसं मोजतो. हातात एक टिकटिक करणारं यंत्र असतं, उतरले किती, चढले किती. लहानपणापासूनचा माझा शेजारी.

"म्हातारीनं धंदा काढला म्हणायचा," तो म्हणाला. "तुझ्यापेक्षा गिऱ्हाईक जास्त आहे तिच्याकडे."

"थट्टा नको, पांतेलीस. तिला मी का दिसत नाही?"

त्यानं कॉफीचा शेवटचा घोट घेतला. "शनिवारी कबर उघडायचीय ना? हाडं धुतली, पेटीत ठेवली, की शांत होईल. तोवर तिकडे जाऊ नकोस तू."

तीन वर्षं झाली की आमच्याकडे कबर उघडतात. हाडं वाइननं धुवायची आणि पेटीत घालून चर्चमागच्या खोलीत ठेवायची. धुणं लेकीचं काम. मी अनेझाला फोन केला होता. ती म्हणाली, "तूच कर गं सगळं. तुला सवय आहे."

म्हणजे माझ्या हातात एकच बुधवार उरला होता. शनिवारनंतर आई त्या घरात असेल असं मला वाटत नव्हतं. तिनं एकदा, एकदाच, मला माझी म्हणावं, एवढंच मला हवं होतं. साठाव्या वर्षी हे म्हणायला लाज वाटते, पण हवं होतं.

त्या बुधवारी मार्गिट आली. माझ्याच वयाची, माझ्याच अंगाची, एकटी. रुंद टोपी आणि गळ्यात निळ्या पट्टीला अडकवलेलं बोटीचं कार्ड. वर जायचं म्हणून उतरली होती, पण दहा पायऱ्यांत गुडघा बोलायला लागला, म्हणून परत येऊन मांडवाखाली टेकली.

"मला एकटीनं फिरायला आवडतं," ती म्हणाली. "तसंही सोबत येणारं कुणी नाही. नवरा गेला, मूलबाळ नाही."

"म्हणजे कुणाची तू?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिला गंमत वाटली. "कुणाचीच नाही," ती म्हणाली आणि दुकानाकडे बघत राहिली. "असं एखादं कॉफीचं दुकान चालवायचं माझ्या फार मनात होतं."

तेव्हा मला सुचलं. आई बोटीच्या माणसांना भेटते. तर बोटीचं माणूस व्हावं.

"तासभर चालव की," मी म्हटलं. "मी जरा वर जाऊन येते. तुझी टोपी दे. ऊन आहे."

तिनं टोपी दिली. कार्ड मी मागितलं नव्हतं. तिनं आपणहून ते काढून माझ्या गळ्यात घातलं, हसत हसत. मी माझा एप्रन सोडून तिच्या कमरेला बांधला. गाठ मारताना माझ्या लक्षात आलं, मागच्या दोऱ्या मला जेवढ्या पुरतात तेवढ्याच तिला पुरल्या.

चारशे बारा पायऱ्या. त्या दिवशी मला दम लागला. एरवी लागत नाही.

किल्ली मी मुद्दाम खाली ठेवली होती. निळं दार उघडं होतं. आई उंबऱ्यावर उभी होती, काळ्या झग्यात, बाह्या वर दुमडलेल्या. हातांना नारिंगाचा वास. मी टोपी खाली ओढली.

"कुणाची गं तू?"

उत्तर जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि हसले. बोटीवरची माणसं हसतात तशी, दात दाखवून, न समजून.

तिनं मला आत नेलं, तिच्या खुर्चीसमोर बसवलं. चमच्यावर गुंडाळी आली, ग्लासभर पाणी आलं. मी खाल्लं. आधी गोड, मग कडू. तिचा हात माझ्या गालावर आला. थंड नव्हता. थंड असेल असं मला उगीच वाटलं होतं. गरम होता, चुलीपाशी काम केलेल्या बाईचा असतो तसा.

"तुला कळत नाही मी काय बोलते ते," आई म्हणाली. "म्हणून तुम्हा लोकांशी बोलायला बरं. मला दोन मुली. एक लांब आहे. आणि एक खाली धक्क्यावर, झाफिरो."

तिनं नाव घेतलं. त्यात मध होता.

"तिनं माझं सगळं केलं. मी तिला एक शब्द गोड बोलले नाही. सासूचं नाव तोंडात यायचं, कडू व्हायचं तोंड. आता रोज तिची वाट बघते. ती येत नाही गं."

मी टोपी काढली. मला रडू फुटलं होतं. "आई, मीच ती. मी झाफिरो. तुझी."

आईनं माझ्याकडे बघितलं. नीट, वेळ घेऊन, केसांपासून गळ्यातल्या कार्डापर्यंत.

मग हनुवटी वर केली.

"च्," ती म्हणाली. "नाही, बाळ. तू बोटीवरची."

ती उठली, ग्लास धुतला, पालथा घातला. "पाच वाजत आले. पळ. तुझी बोट चुकेल."

बाहेर आले तर ऊन कलंडलं होतं. मी तर आत्ताच आले होते.

दुकानात मार्गिट ओट्यापाशी उभी होती. लांब दांड्याच्या भांड्यात कॉफी वर येत होती आणि ती बरोबर वेळेला भांडं उचलत होती. पांतेलीस समोर बसला होता. "साखर कमी घाल, झाफिरो," तो म्हणाला. "आता वय झालं."

"वय तुझं झालं," ती म्हणाली. आमच्या बोलीत. शब्द गिळून, आम्ही बोलतो तसं.

"मार्गिट," मी म्हटलं, "माझा एप्रन दे."

ती वळली. चेहऱ्यावर दुकानदाराचं हसू होतं. ते हसू मला चांगलं ठाऊक आहे. "सॉरी, मॅडम," ती इंग्रजीत म्हणाली, "शेवटची होडी लागलीय."

मी पांतेलीसचा हात धरला. त्याला त्याच्या आईचं नाव सांगितलं, त्याच्या बोकडाचं नाव सांगितलं, शाळेत त्यानं कुणाचा डबा चोरला ते सांगितलं. तो कौतुकानं ऐकत राहिला.

"आपली भाषा शिकून आलीय बाई," तो तिला म्हणाला. "काही कळलं का तुला?"

तिनं हनुवटी वर केली. "च्."

त्यानं माझ्या कोपराला धरून मला हळूच होडीत उतरवलं, घसरू नये म्हणून. यंत्राची टिक ऐकू आली. त्यानं आकडा बघितला आणि होडीवाल्याला हात केला. सगळे बरोबर होते.

कार्डानं बोटीवरच्या खोलीचं दार उघडलं. कपाटात बूट होते, डोंगर चढायचे. ते मला बसले.

बोट आठवडाभर फिरते आणि पुन्हा तिथेच येते. पुढच्या बुधवारी मी पहिल्या होडीनं उतरले. पायऱ्या चढून गेले. निळ्या दाराला कुलूप होतं, आत काही हलत नव्हतं. खाली येऊन मांडवाखाली बसले. पांतेलीस दोऱ्या गुंडाळत होता. मी त्याला इंग्रजीत विचारलं, वर कोण राहायचं?

"हिची आई," त्यानं दुकानाकडे बोट केलं. "शनिवारीच हाडं काढली. पिवळीधमक निघाली, स्वच्छ. आमच्याकडे हे चांगलं मानतात. म्हणजे माणूस समाधानानं गेलं. लेकीनं स्वतः धुतली, एकेक करून. फार केलं हो तिनं आईचं."

ती बाहेर आली. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला, आणि बशीत चमचा, चमच्यावर नारिंगाच्या सालीची गुंडाळी. मी ती मागवली नव्हती. तिच्या नखांच्या कडांना अजून वाइनचा लाल रंग होता. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. गरम होता.

"कुणाची गं तू?" तिनं विचारलं.

मी हसले, दात दाखवून.