फळ्यावरचा बारा अंकी आकडा

"पोलीस म्हणतात पाय घसरला. आमच्या आबांना कुणीतरी मारलंय, ताई!"

शिरूरच्या ऑफिसात पाऊल टाकताच करुणा म्हणाली. तिचे आबा म्हणजे वडगाव रासाईचे हौसराव गुरुजी, गणिताचे निवृत्त शिक्षक. खासगी तपासनीस आसमीन लगेच उठली. तिचा साथीदार संपत, निवृत्त हवालदार, मात्र जागीच थिजला. गुरुजींना शेवटचा भेटला होता तो त्याचा सख्खा भाचा, सत्यजीत.

गुरुजींच्या शिकवणीच्या खोलीत दगडी उंबऱ्यावर रक्ताचा डाग होता. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ६१७०८२३५६९०७, मूळ संख्या.

शिकवणीला येणारी सुफिया रडत म्हणाली, "संध्याकाळी जाताना फळा मीच पुसला व्हता. गुरुजींना गाडीचा नंबर दिसला तरी आधी अंकांची बेरीज करायला लावायचे."

शेजारच्या आक्काबाई म्हणाल्या, "दिवेलागणीला गुरुजी वरडले, 'माझा फोटू काढ!' मग धप्पकन आवाज आन् सामसूम."

दारात उभा असलेला सत्यजीत शांत होता. "भांडण न्हाई, ताई. दौंडला माझ्या क्लासच्या बोर्डावर त्यांचा फोटो हाय. जुना काढून नवा लाव म्हनले. आवाज बाक सरकवल्याचा. त्याच्यानंतर तर त्यांनी हा आकडा लिहिला. म्हनले, महिनाभर तपासलाय, कशानंच भाग जात न्हाई."

"क्लासात गणित तुम्हीच शिकवता?"

"छे, त्याला मास्तर ठेवलेत."

संपतचा जीव भांड्यात पडला. आवाजानंतर गुरुजी लिहीत होते, म्हणजे जिवंत होते. पोरगं सुटलं!

आसमीन फळ्याकडे वळली. "संपतआप्पा, यातल्या अंकांची बेरीज करा."

संपतने बोटांवर मोजलं. "चोपन्न."

"चोपन्नाला तीननं भाग जातो?"

"जातो की."

"मग त्या आख्ख्या आकड्यालाही जातो. चौथीतलं पोरसुद्धा हे सांगेल. मूळ संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. जे गुरुजी गाडीच्या नंबरची बेरीज करायचे, ते महिनाभर या आकड्यावर फसतील? हा त्यांनी लिहिलेलाच नाही. आवाजानंतर ते जिवंत होते हे दाखवायला कुणीतरी मनानं रचला. शेवटी सम अंक नको, एवढंच त्याला ठाऊक होतं. आणि गुरुजींच्या तोंडचं वाक्य आपल्याला एकट्या सत्यजीतनं सांगितलं."

संपत भाच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मामा," सत्यजीत म्हणाला. "न विचारता फोटो लावला म्हनून गावासमोर खोटा पाडनार व्हते. मी नुसतं ढकललं. वाटलं, उठतील."

"तू लिहीत होतास, तवा गेले व्हते का ते?" संपतने विचारलं.

सत्यजीतने मान खाली घातली. "न्हाई. पानी मागत व्हते."

करुणा मटकन खाली बसली. संपतच्या डोळ्यांसमोर बहिणीचा चेहरा आला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि पोलीस ठाण्याला स्वतःच लावला.