बारा दिवसांचा उंबरा

हे घडलेलं आहे. तारीख माझी चुकत असेल. माणसं चुकत नाहीत.

१९५६ सालचा पौष महिना. गाव तळवडे. रात्र नव्हती, भर दुपार होती.

ठकुबाई वहिनी बाळंत होऊन चार दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी ताप चढला. चौथ्या दिवशी हुडहुडी... दात इतके वाजत, की ओसरीपर्यंत ऐकू येई. तांब्या तांब्या पाणी पीत होती, पण सकाळपासून लघवी नव्हती. अंगाला वास येत होता.

"दूध चढलंय. उतरंल," सुईण गवराबाई म्हणाली.

मी एका पुस्तकात वाचलं होतं. बाळंतिणीचं रक्त नासतं, मग एकेक अवयव थांबतो. सुईने पेनिसिलिन दिलं तर माणूस वाचू शकतं. धीर करून आईला म्हणालो, "चिंचवडच्या डॉक्टरांकडे नेऊ."

"बारा दिस बाळंतिणीनं उंबरा वलांडायचा न्हाई," आई म्हणाली. "बाळंतपण बुकात असतं व्हय रं?"

बायका हसल्या. मी गप्प बसलो.

दादा पिंपरीच्या कारखान्यात त्याच पेनिसिलिनच्या बाटल्या पेट्यांत भरायचा. तोही गप्प बसला. आम्ही दोघं पुरुष, आणि आमची लायकी एवढीच.

पाचव्या दिवशी दुपारी वहिनीचे दात वाजायचे थांबले.

मग मात्र मी कोणाला न विचारता सायकल काढली.

गावाबाहेर पडलो आणि सायकल जड झाली...

मागे दात वाजत होते.

मी वळून पाहिलं नाही. भित्रा माणूस मी.

चिंचवडला दवाखान्यात शिरलो, धापा टाकत बाळंतिणीचा आजार सांगितला. डॉक्टर दाराशी गेले. बाहेर कोणाशी तरी बोलले. परत आले ते वैतागून.

"अहो, एवढ्या आजारी बाईला सायकलवर आणलंत? आत यायला तयार नाहीत. म्हणतात, अजून सात दिवस आहेत."

मी बाहेर धावलो.

भिंतीला टेकवलेली सायकल. बाकी कोणी नाही.

कॅरिअरला हात लावला. भर उन्हात ते बर्फासारखं होतं...

डॉक्टरांच्या मोटारीतून घरी पोचलो, तेव्हा बायका रडत होत्या.

"तू वेशीपाशी पोचला असशील," आई म्हणाली, "तवाच गेली."

डॉक्टरांनी वहिनीच्या तोंडावरचं लुगडं बाजूला केलं. बराच वेळ पाहत राहिले. मग हळू आवाजात विचारलं, "यांचे भाऊजी कोण?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"मला म्हणाल्या, भाऊजींना कालच कळलं होतं."

मी खाली पाहिलं.

"ह्योच," आई म्हणाली.

आईवरचा राग आईच्या चितेबरोबरही गेला नाही. स्वतःवरचा तर रोज नवा असतो. पण झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीने. वहिनी ते रागाने म्हणाली की माझी बाजू घेऊन, हे डॉक्टरांना विचारायचं मला धैर्य झालं नाही.

डॉक्टर जाऊनही आता वीस वर्षं झाली.

विचारायचं कोणाला?