पुढचं पान

दुपारी दुरुस्तीवाला तिसऱ्यांदा काकूंच्या घरी गेला, तेव्हाच त्याचं डोकं फिरलेलं होतं. कॉम्प्युटर बरे करतो म्हणून गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत. एकच रोगी तीनदा समोर आला तर कुठल्या डॉक्टरला बरं वाटेल?

काकूंचे यजमान अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे. ते गेल्याला वर्ष झालं. मागे एक्केचाळीस फाइल्स राहिल्या, आणि काकू रोज चार वाजता त्यातली एक ऐकत. पान संपलं की ते हळूच म्हणायचे, "पान उलटतो." मधे शांतता का झाली, ते ऐकणाऱ्या मुलांना कळावं म्हणून.

महिन्यापूर्वी स्क्रीनवरचे आयकॉन आपोआप जागा बदलू लागले. माउसला हात न लावता बाण सरकायचा. आणि आता हे नवीनच.

"फाइल्स वाढतायत रे," काकू म्हणाल्या. "अर्ध्या तासाची होती, आता पस्तीस मिनिटांची झाली. शेवटी नुसती खरखर."

डॉक्टरने हेडफोन कानाला लावला. खरखर, पंख्याची घरघर, आणि मग त्याचाच वैतागलेला आवाज, मागच्या खेपेचा. "कुठे दडलंय मेलं, कोण जाणे."

त्याला उलट हायसं वाटलं. "काकू, कुणीतरी आत चोर प्रोग्रॅम बसवलाय. माइक चालू करून घरातलं सगळं टिपतोय."

तासाभराने तो सापडलाही. प्रिंटरच्या प्रोग्रॅमचं नाव लावून बसला होता आणि रोज चारला जागा व्हायचा. मागच्या दोन्ही खेपांना डॉक्टरने त्याला पाहून सोडून दिलं होतं. त्याला स्वतःचाच असा संताप आला की आता साफसफाई नको, अख्खी डिस्कच पुसायची, असं त्याने ठरवलं.

"आणि ह्यांचा आवाज?" काकूंनी विचारलं. "दुसरीकडे कुठेच नाहीये तो. त्याला काही झालं तर मला नको तुझी दुरुस्ती."

"आधी काढून घेतो ना."

कोरा पेनड्राइव्ह दुकानात राहिला होता. परत जायचा कंटाळा आला, म्हणून त्याने पिशवीतला स्वतःचाच लावला. दुसऱ्या कुणी आजारी मशीनला स्वतःचा पेनड्राइव्ह लावला असता, तर त्याने त्याची सालटी काढली असती. फाइल्स उतरवल्या, डिस्क पुसली, मशीन लख्ख झालं.

"आज घरी तपासतो, उद्या परत टाकतो."

"चारच्या आत ये," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी घरी त्याने दोन वेगवेगळ्या अँटीव्हायरसनी पेनड्राइव्ह तपासला. काहीच नाही. तरी मन मानेना, म्हणून त्याने शेवटची फाइल लावली. काका संथपणे वाचत होते. "पान उलटतो," म्हणाले आणि थांबले. मग खरखर सुरू झाली. त्या खरखरीत एक भांडं पडलं, आणि त्याच्या बायकोचा आवाज आला.

"अहो, ऐकलंत का? बाहेर एक गृहस्थ आलेत... पुढचं पुस्तक मागतायत."

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. स्वयंपाकघरात बायको मुकाट्याने भाजी चिरत होती. आणि त्याच्या या जुन्या मशीनला माइक नव्हता, कधीच नव्हता.

सगळ्या फाइल्स निवडून त्याने डिलीटच्या बटणावर बोट ठेवलं. तिथेच ते अडलं. तिकडची डिस्क त्याने स्वतःच्या हातांनी पुसली होती. एका माणसाचा सगळा आवाज आता फक्त इथे होता, आणि उद्या चारला एक बाई कॉम्प्युटरसमोर वाट बघत बसणार होती. त्याला रडू येईल इतका स्वतःचा राग आला, आणि भीतीही वाटली. त्याने बोट उचललं.

स्वयंपाकघरात भांडं पडलं.

"अहो, ऐकलंत का?" बायको म्हणाली. "बाहेर एक गृहस्थ आलेत..."

टेबलावरच्या हेडफोनमधून अगदी हळू आवाज आला, "पान उलटतो."