भिंतीवरची कोरी जागा

भिंतीची पार चाळण झाली होती. खिडकीजवळच्या गिलाव्यात काचेचे बारीक कण रुतले होते आणि काही अजून चमकत होते. या सगळ्या नासधुशीच्या मधोमध एक अरुंद पट्टा मात्र कोराकरकरीत राहिला होता.

तपासनीस त्या पट्ट्याला पाठ टेकून उभी राहिली. पट्ट्याची वरची कड तिच्या कानाशी आली. त्याच्या वर पुन्हा काचेचे कण.

"इथं काही ठेवलेलं होतं का? कपाट, फळा?"

"नाही मॅडम," भांडारपाल म्हणाला. "खिडकी उघडायची म्हणून ही जागा आम्ही मोकळीच ठेवतो."

म्हणजे इथं कुणीतरी माणूस उभा होता. भिंतीवर बसायच्या काचा त्यानं अंगावर घेतल्या होत्या.

तपासनिसानं पट्ट्याची उंची-रुंदी वहीत टिपली. प्रयोगशाळांमधल्या अपघातांची चौकशी करणं हेच तिचं काम, पण या चौकशीचा अहवाल तिनं काल गाडीत बसल्या बसल्याच मनात लिहून टाकला होता. चूक सहायक मुलीची, बाकी सगळं आलबेल. काम अर्ध्या दिवसाचं, उरलेला वेळ मैत्रिणीशी गप्पा, तोही सरकारी खर्चानं! ज्या कॉलेजात आपण शिकलो तिथं कामानिमित्त जायला मिळतंय याचाच तिला कोण आनंद झाला होता.

गोष्ट अशी होती. गेल्या आठवड्यात या प्रयोगशाळेत हवा काढून घेतलेला काचेचा चंबू फुटला. समोर उभ्या असलेल्या सहायक मुलीच्या दोन्ही डोळ्यांत काचा गेल्या. कॉलेजचं म्हणणं असं, की मुलगी खोलीत एकटी होती, चंबूपुढचा जाड संरक्षक पडदा तिनं स्वतःच बाजूला केला आणि सुरक्षा चष्माही घातला नव्हता. तपासनिसानं याखाली सही केली की मुलीची नोकरी जाणार, आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियेतून कॉलेज अंग काढून घेणार.

पण मुलीच्या रक्ताचे डाग टेबलाच्या अलीकडे, दाराच्या बाजूला होते. कोरा पट्टा होता पलीकडे. दोन माणसं होती खोलीत.

तिनं संशोधक विद्यार्थ्याला बोलावलं. त्याला सगळे 'खांब' म्हणत. तो दारातून वाकूनच आत आला.

"चंबू कुणी जोडला होता?"

"मीच, मॅडम."

"पडदा?"

"जागेवर होता. शपथेवर सांगतो."

"मग तू कुठं गेलास?"

त्यानं मान खाली घातली. "बाहेर. फोन आला होता. प्रयोग चालू असताना जायचं नसतं, माहितीय मला. मी गेलो नसतो तर तिचे डोळे…"

"तेव्हा सहायक कुठं होती?"

"शेजारच्या खोलीत, नळावर भांडी धूत होती."

"आणि तुम्ही सगळे तोंडाला मास्क लावता?"

"हो, वास फार मारतो इथं. बाईसुद्धा लावतात."

बाई म्हणजे प्रयोगशाळाप्रमुख. भांडारपालाचा नंबर लागला तेव्हा त्या अवाढव्य माणसानं विचारायच्या आधीच कबुली दिली.

"चंबूवर चरा होता, मॅडम. मी पाहिला होता. म्हटलं, नवे येईपर्यंत चालेल. रात्रीची झोप उडालीय माझी."

"आवाज ऐकला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"भांडारात. त्या समोरच्या भिंतीपलीकडेच. धावत आलो तर बाई आधीच फोनवर दवाखान्याशी बोलत होत्या."

"त्यांचं ऑफिस कुठं आहे?"

"वरच्या मजल्यावर, पार टोकाला."

एवढं बोलल्यावर भांडारपालानं वर, छताकडे पाहिलं. तपासनिसानं पुढचा प्रश्न विचारला नाही. खरं म्हणजे तो तिला विचारायचाच नव्हता.

प्रयोगशाळाप्रमुख म्हणजे चिमणी. तिची कॉलेजातली जिवलग मैत्रीण. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून शेवटचं अख्खं वर्ष तपासनीस चिमणीच्याच घरी राहिली होती, चिमणीच्याच पांघरुणात झोपली होती, आणि चिमणीच्या आईनं, काकूंनी, दोघींनाही सारखंच रागावून अभ्यासाला बसवलं होतं.

काल संध्याकाळी स्टेशनवर ओळखीची हाक आली होती. "चोंबडे!" कॉलेजभर सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची म्हणून पडलेलं नाव. चिमणीनं बॅग हिसकावूनच घेतली.

"अगं, ऑफिसनं विश्रामगृहात खोली ठेवलीय."

"आमचं घर काय ओस पडलंय? आई मलाच उंबऱ्याबाहेर काढेल."

नियमाप्रमाणे विश्रामगृहात जायला हवं होतं. ज्या प्रयोगशाळेची चौकशी, तिच्याच प्रमुखाच्या घरी मुक्काम म्हणजे अतिच झालं. पण चिमणीच्या नाकावर तो जुना मातकट चष्मा दिसला आणि तपासनीस विरघळली. एका काडीला काळा दोरा गुंडाळलेला होता, परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनंच गुंडाळलेला.

"अजून जपून ठेवलायस हा?"

"नवा मोडला गं. सीटवर ठेवला आणि त्याच्यावरच बसले. दुकानात टाकलाय."

"आणि कपाळावर केस? तू तर चापूनचोपून वेणी घालणारी!"

"म्हातारपणचे चाळे," चिमणी हसली. घरी चहा ओतताना तिची धार दोनदा कपाबाहेर गेली. "वेंधळी ती वेंधळीच," काकू म्हणाल्या, आणि तिघी पोट धरून हसल्या.

आता भर दुपारी, व्हरांड्यात उभ्या असलेल्या तपासनिसाला ते हसणं आठवलं. हातात पुरावा काहीच नव्हता, होती ती नुसती शंका. तीही अशी, की जिच्या घरी काल जेवली तिच्याबद्दल. तिला स्वतःचीच लाज वाटली.

ती दवाखान्यात गेली. सहायक मुलीच्या डोळ्यांवर जाड पट्ट्या होत्या. बाहेर बाकावर तिची आई बसून होती.

"तुला काय आठवतं?"

"मी भांडी धूत होते. कुणीतरी हाक मारली, ये, जरा धर म्हणून. हात ओलेच होते, तशीच पळत गेले. पुढचं काही आठवत नाही."

"आवाज कुणाचा?"

"पंखा जोरात चालू होता. मास्कमधून सगळ्यांचेच आवाज घोगरे येतात. पण मॅडम, चूक माझीच. सुरक्षा चष्मा नळापाशी राहिला."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डावा डोळा वाचेल बहुतेक, ऑपरेशन लगेच झालं तर." मुलीनं तोंड आवाजाच्या दिशेनं वळवलं. "बाई रागावल्यात का माझ्यावर? एकदाही आल्या नाहीत."

दवाखान्यातून निघाल्यावर तपासनीस कॉलेजच्या फाटकासमोरच्या चष्म्याच्या दुकानाकडे वळली. जावं की जाऊ नये, असं करत ती समोरच्या फुटपाथवर बराच वेळ घुटमळली. मग त्या मुलीची आई आठवली, आणि तिनं रस्ता ओलांडला.

तिनं प्रयोगशाळेच्या बाईंच्या चष्म्याबद्दल विचारलं. चष्मेवाल्यानं तिचं ओळखपत्र पाहिलं आणि डबा पुढे केला. "बाईंचा ना? त्यांची फ्रेम धडधाकट आहे हो. फक्त काचा बदलायच्या होत्या. या बघा जुन्या."

तिनं काचा उजेडात धरल्या. दोन्हींवर बारीक बारीक खड्डे पडले होते. वर बसल्यानं फ्रेम मोडते, काचांना खड्डे पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तिघांना प्रयोगशाळेत बोलावलं. रात्री ती चिमणीच्याच घरी झोपली होती, म्हणजे नुसती पडून होती. शेजारच्या खाटेवर चिमणीही जागीच होती, हे दोघींनाही माहीत होतं.

"या भिंतीपाशी उभं राहायचं," ती म्हणाली. "एकेकानं."

खांब उभा राहिला. त्याचं डोकं आणि खांदे पट्ट्याच्या कितीतरी वर गेले. भांडारपाल उभा राहिला तर पट्टाच दिसेना, दोन्ही बाजूंनी तो उतू जात होता.

मग तपासनिसानं चिमणीकडे पाहिलं. चिमणी आपणहून गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

पट्टा तिच्याच मापाचा होता.

"कुणी इथं उभं होतं हे भिंतीनं सांगितलं," तपासनीस म्हणाली. आवाज ऑफिसातला ठेवायचा तिनं फार प्रयत्न केला. "तू जबाबात म्हणालीस, आवाज ऐकून वरून आले. पण भांडारपाल भिंतीपलीकडून धावत आले तरी तू त्यांच्या आधी इथं होतीस. वरच्या मजल्याच्या टोकावरून हे जमणार नाही. इथं उभ्या असलेल्या माणसाचं तोंड का फाटलं नाही? कारण मास्क होता. डोळे का गेले नाहीत? कारण चष्मा होता. त्या चष्म्याच्या काचा आता माझ्याकडे आहेत. उघडं राहिलं फक्त कपाळ."

चिमणीनं हात वर नेला आणि कपाळावरचे केस स्वतःच बाजूला केले. खाली बारीक, सुकत आलेल्या जखमा होत्या. खांबाच्या तोंडून आवाज निघाला.

"चंबू धरणाऱ्या पकडीचा स्क्रू ढिला होत होता," चिमणी म्हणाली. "पडद्यामुळे हात पोचेना. वाटलं, मिनिटाचं काम आहे. पडदा काढला आणि तिला धरायला बोलावलं. तिच्या डोळ्यांवर काही नाही हे दिसलं होतं मला. पण घाई होती."

"चूक कुणाच्याही हातून होते, चिमणे. पण नंतर?"

"नंतर?" चिमणी विचित्र हसली. "ती खाली पडली होती, ओरडत होती. मी आधी काय केलं माहितीय? मास्क काढला, चष्मा काढला, खिशात टाकला, केस कपाळावर ओढले. मग फोन केला. आधी फोन करायला हवा होता ना? तेवढंच दिसतं मला डोळे मिटले की." तिनं श्वास घेतला. "मग बोलून गेले की ती एकटीच होती. एकदा बोलल्यावर मागे कसं फिरायचं ते कळेना. नोकरी गेली तर आईचं कोण बघणार, असं स्वतःलाच सांगत राहिले."

"आणि त्या पोरीचं कोण बघणार?" खांब ओरडला. भांडारपालानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

ते दोघं बाहेर गेल्यावर खोलीत मैत्रिणी उरल्या.

"विश्रामगृहात राहिली असतीस तर तुला कळलं नसतं," चिमणी म्हणाली. "नुसता पट्टा बघून काही सिद्ध झालं नसतं. माझ्या घरी राहिलीस, माझा चष्मा ओळखलास. खाल्ल्या घरचे वासे मोजलेस, चोंबडे."

"हो," तपासनीस म्हणाली.

"मी प्राचार्यांकडे जाते. सगळं लिहून देते. पण आईला माझ्या तोंडून नाही सांगवणार. तू शोधलंस, तूच सांग."

वाटेत तपासनिसानं वाक्यं जुळवली आणि मोडली. काकूंनी दार उघडलं आणि तिला एकटीला पाहून त्या तिच्या मागे डोकावल्या.

"चिमणी कुठाय? बरं झालं आलीस, राहा अजून दोन दिवस. तू आल्यापासून जरा माणसात आलीय ती. आठवडाभर घास गिळत नव्हती."

"काकू, बसा."

तिनं सगळं सांगितलं. चष्म्याचं, केसांचं, घरी राहून हे सगळं पाहिलं तेही, काही न लपवता. सांगताना ती काकूंकडे पाहू शकली नाही. माफ करा म्हणायचं होतं. कशाबद्दल म्हणायचं, तेच ठरेना. खरं शोधल्याबद्दल माफी मागायची नसते हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी सगळ्या अंगाला अपराधी वाटत होतं.

काकूंनी पदरानं डोळे पुसले, ते पुन्हा भरले, पुन्हा पुसले.

"त्या मुलीला आई आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. दवाखान्यात बाहेर बाकावर बसून असते."

"आणि आमच्या घरातून तिथं कुणीच गेलं नाही?"

"नाही."

काकू उठल्या. गुडघ्यावर हात देत, भिंत धरत दारापर्यंत गेल्या आणि चपला पायांनी चाचपू लागल्या. तपासनिसानं आधार द्यायला हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही.

"तुझ्याशी मी नंतर बोलेन, आणि चिमणीशीही," त्या म्हणाल्या. "आधी मला त्या मुलीच्या आईकडे घेऊन चल."