ताटाच्या उजवीकडे

सिंगापूरला नोव्हेना स्टेशनावरून बालेस्टियर रोडकडे चालत आलं की दिव्यांची दुकानं लागतात. भर दुपारीसुद्धा आतली झुंबरं पेटलेली असतात आणि आत गिऱ्हाईक म्हणून कुणी नसतं. अशाच दोन दुकानांच्या मधल्या अरुंद इमारतीत सारंगचं अपार्टमेंट हॉटेल होतं. हॉटेल म्हणायचं ते उगाच. एक खोली, कोपऱ्यात ओटा आणि वीजशेगडी, दोन खुर्च्यांचं टेबल, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसीचे डबे. स्वस्तातलं होतं आणि तिथून वन-नॉर्थचं ऑफिस गाठणं सोपं होतं, म्हणून त्याने ते घेतलं. जुन्या फ्लॅटचा करार संपला होता आणि नव्या काँडोची, म्हणजे सोसायटीतल्या फ्लॅटची, किल्ली हातात यायला अजून अवकाश होता.

टेबलासमोरच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं. लाल कौलांचं एक डोंगरातलं शहर, चर्चचे पांढरे मनोरे आणि मागे ढगांत डोकं घातलेला पहाड. खाली नाव नव्हतं. घाऊक भावात आणलेलं चित्र असणार, असं म्हणून सारंगने त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

गार्गी, त्याची बायको, तेव्हा पुण्याला होती. ती त्याच्या बाबांना पोचवायला गेली होती आणि किल्ली मिळेपर्यंत माहेरीच राहणार होती. पोचवायला म्हणजे कुठे, हे ती दोघं एकमेकांशीसुद्धा मोकळेपणाने बोलत नसत.

सारंगचे वडील शामकांत सांगलीला शाळेत भूगोल शिकवायचे. आई गेल्यावर ते सिंगापूरला मुलाकडे राहायला आले, आणि हळूहळू त्यांच्या डोक्यातला नकाशा पुसट व्हायला लागला. खाली फिरायला गेले की शेजारच्या ब्लॉकमध्ये शिरायचे. तिथले ब्लॉक सगळे एका साच्यातले. आपल्याच मजल्यावर, आपल्याच जागी असलेल्या परक्या दारापुढे उभे राहून ते बेल वाजवत राहायचे. एकदा पोलीस त्यांना घरी घेऊन आले. एकदा गॅस तसाच राहिला. गार्गीने पुष्कळ केलं, हे सारंगही कबूल करायचा. पण ती थकली होती, आणि नव्या काँडोत खोल्या दोनच होत्या. दुसरीत तिचं ऑफिस होणार होतं.

तेव्हा पुण्याबाहेरचा एक चांगला वृद्धाश्रम बघून ठेवला. बाबांना खरं सांगायची हिंमत सारंगला झाली नाही. चांगी विमानतळावर त्याने त्यांचा हात धरून सांगितलं, "बाबा, नवं घर अजून लागायचंय. तुम्ही तिथे थांबा चार दिवस. मी न्यायला येतो."

बाबा म्हणाले, "ये. मी बूट घालूनच बसतो. तुझा खोळंबा नको."

हे वाक्य सारंगची पाठ सोडत नव्हतं. कामात असला की विसरायचा, पण हॉटेलच्या लिफ्टमध्ये एकटा उभा राहिला की ते नेमकं वर यायचं.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. संध्याकाळी ऑफिसातून आला, तर टेबलावर पाण्याचं एक गोल कडं होतं. मधला भाग कोरडा. कड्याच्या उजवीकडे भाताची चार-दोन शितं. सकाळी घाईत डबा खाल्ला होता, तेव्हा सांडलं असेल, म्हणून त्याने फडकं फिरवलं. फडकं फिरवताना लक्षात आलं की आपण सकाळी पाव खाल्ला होता.

दुसऱ्या संध्याकाळी कडं पुन्हा होतं. पाणी अजून वाळलं नव्हतं. उजवीकडची शितं आता सांडल्यासारखी दिसत नव्हती. छोटे छोटे घास एका ओळीत नीट मांडले होते, आणि प्रत्येकाशेजारी पाण्याचा एकेक थेंब.

सारंग पलंगावर बसला. हे मांडणारा हात त्याच्या ओळखीचा होता. बाबा जन्मभर चित्राहुती घातल्याशिवाय जेवले नव्हते. ताटाभोवती पाणी फिरवायचं, उजवीकडे भाताचे बारीक घास ठेवायचे, चित्रगुप्ताचा, यमाचा आणि उरल्यासुरल्या सगळ्या जीवांचा, आणि मगच पहिला घास तोंडात. हॉकर सेंटरमध्ये, तिथल्या स्वस्त खाण्याच्या चौकात, प्लॅस्टिकच्या टेबलावरही ते हे करायचे आणि सारंगला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी एकदा तो त्यांच्यावर सगळ्यांदेखत खेकसला होता. तेव्हापासून बाबा बाहेर जेवायला यायचेच बंद झाले.

खोली आवरायला येणाऱ्यांपैकी हे कुणाचं काम आहे का, हे विचारायला तो खाली गेला. काउंटरवर मिसेस टॅन असायच्या, साठीच्या, चष्मा साखळीला बांधलेला. चिनी पंचांगातला सातवा महिना चालू होता, मेलेल्यांचे आत्मे जेवायला परत येतात म्हणतात तो. फुटपाथवर जागोजागी डब्यात कागदी नोटा जाळत होते, भाताच्या वाट्यांत उदबत्त्या खोचल्या होत्या. मिसेस टॅनना त्याच्या बोलण्याचं जराही नवल वाटलं नाही. तुम्ही कुणासाठी ठेवलं असेल, त्या म्हणाल्या, पण ठेवायचं तर बाहेर रस्त्यावर ठेवा. आत ठेवलं की ते आतच राहतात.

"माझे वडील जिवंत आहेत," सारंग म्हणाला.

मिसेस टॅननी चष्मा काढला. "मग तर जास्त वाईट," त्या म्हणाल्या. "जाताना त्यांना नीट सांगून जा. जे खरं असेल तेच सांगा. डोन्ट ब्लफ."

वर आल्यावर त्याने वृद्धाश्रमात फोन लावला. तिथल्या व्यवस्थापक विनीताताई प्रेमळ होत्या. त्यांनी आडवळणाने सांगितलं की काकांची तब्येत तशी बरी आहे, पण जेवण जात नाही. ताटाभोवती पाणी फिरवतात, बाजूला घास ठेवतात आणि उठून जातात. विचारलं तर म्हणतात, मी सारंगकडे जेवतो. "आणि हो, बूट काही काढू देत नाहीत. झोपतानासुद्धा नाही."

त्यांनी फोन बाबांकडे दिला. पडद्यावर बाबांचा चेहरा आला. गालफडं बसली होती, पण डोळे प्रसन्न होते. सारंगने कसं आहे वगैरे विचारलं. बाबांनी त्याला मध्येच थांबवलं.

"त्या चित्रातलं शहर तुला ओळखू आलं का रे? मी कालपासून आठवत होतो. किटो. अँडीजमधलं. मागे आहे तो पिचिंचा, ज्वालामुखी. नववीला होतं आपल्याला."

सारंगने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. फोन त्याने तोंडासमोर धरला होता. त्याच्या मागे नुसता खिडकीचा पांढरा पडदा होता. चित्र बाबांना दिसणं शक्य नव्हतं.

"कुठलं चित्र, बाबा?"

"टेबलासमोरचं. आणि बेसिनवरचा दिवा लुकलुकतो, तो बदलून घे. डोळ्यांना त्रास होतो."

फोन ठेवल्यावर सारंगने चित्राचा फोटो काढून मोबाइलवर शोधला. किटो होतं. बेसिनवरचा दिवा लुकलुकत होता.

भीती वाटली, पण खरं सांगायचं तर भीतीहून दुसरंच काहीतरी जास्त वाटलं, आणि त्याची त्याला फार लाज वाटली. त्याला हायसं वाटलं होतं. बाबा इथे आहेत. म्हणजे त्यांना आणायला जायला नको.

त्याने लिटल इंडियातून तांदूळ आणला, तूरडाळ, तूप आणि एक स्टीलचं ताट. रोज ऑफिसातून आला की कुकर लावायचा. वरणभात, वर तूप, लिंबाची फोड. ताट रिकाम्या खुर्चीसमोर ठेवायचं आणि आंघोळीला जायचं. बाहेर येईपर्यंत पाणी फिरवलेलं असायचं, घास मांडलेले असायचे, भात कालवलेला असायचा. त्यात चार बोटांच्या खुणा दिसायच्या. मग सारंग समोर बसून आपलं जेवायचा आणि ऑफिसातलं काहीबाही सांगायचा. बाबा प्रत्यक्ष घरात होते तेव्हा तो त्यांच्याशी इतकं कधी बोलला नव्हता.

एक गोष्ट तो बघूनही बघत नसे. भात कालवलेला असायचा, पण कमी झालेला नसायचा. तो ताट उचलायचा, मान दुसरीकडे वळवायचा आणि सगळं पिशवीत उपडं करायचा.

विनीताताईंचा पुन्हा फोन आला. काका फार खंगलेत, त्या म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात औषधाने काही व्हायचं नाही, तुम्ही एकदा येऊन जा. तुम्ही दिसलात तर जेवतील. सारंगने त्याच संध्याकाळी विमानाची तिकिटं बघितली. जागा होत्या. मग त्याची नजर टेबलावर गेली. ताटातला भात नुकताच कालवला होता, तुपाचा वास येत होता. जेवताहेत की, तो स्वतःशी म्हणाला, आणि तिकिटांचं पान बंद केलं.

काँडोची किल्ली मिळाली. गार्गी शनिवारी दुपारी येणार होती. शनिवारी सकाळी सारंगने बॅगा भरल्या, ताट धुऊन पुसून कपाटात मागे सरकवलं आणि खोलीच्या मध्यभागी उभा राहिला.

गार्गीच्या नव्या टेबलावर पाण्याचं कडं उमटलेलं त्याला चालणार नव्हतं. ती विचारेल. मग सगळंच बोलावं लागेल.

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. बाबा, तिथे तुमच्यासाठी खोली नाही. एवढंच होतं. ते काही बाहेर पडेना.

रिकाम्या खुर्चीकडे न बघता तो म्हणाला, "बाबा, नवं घर अजून लागायचंय. तुम्ही इथे थांबा चार दिवस. मी न्यायला येतो."

खोलीत काही हललं नाही. त्याने दार हळूच ओढून घेतलं.

खाली मिसेस टॅननी विचारलं, नीट सांगितलंत ना? तो म्हणाला, सांगितलं.

त्याच संध्याकाळी तो गार्गीबरोबर खोकी फोडत होता तेव्हा विनीताताईंचा फोन आला. काका गेले. पलंगाच्या कडेला बसले होते, बॅग मांडीवर. बसल्या बसल्याच.

पुण्याला त्याने स्वतःच्या हाताने त्यांच्या पायांतले बूट काढले. तपकिरी, जुने. नाड्यांच्या गाठी इतक्या घट्ट होत्या की सोडवायला वेळ लागला. सोडवताना तो लहान मुलासारखा रडला. बूट त्याने स्मशानाच्या भिंतीशी ठेवले, कुणा गरजूला होतील म्हणून.

सिंगापूरला परत आल्यावर, गार्गी ऑफिसच्या खोलीत असताना, तो कधीमधी नव्या टेबलावर जास्तीचं एक ताट मांडायचा. वरणभात, तूप, लिंबाची फोड. मग आंघोळीला जायचा. बाहेर आल्यावर ताट जसंच्या तसं असायचं. भात नुसता गार झालेला.

असेच दिवस गेले. एका संध्याकाळी दोघं जेवायला बसली होती आणि फोन वाजला. मिसेस टॅन होत्या. तुम्ही खोलीत बूट विसरलात का, त्यांनी विचारलं.

सारंग म्हणाला, नाही.

तपकिरी आहेत, त्या म्हणाल्या, जुने, खुर्चीखाली. खाली आणून ठेवले की पुन्हा तिथेच जातात. दोन पाहुणे खोली बदलून गेले. नाड्या मी रोज सोडते, सकाळी बांधलेल्या असतात.

सारंगच्या हातातला घास ताटात पडला. गार्गी त्याच्याकडे बघत होती. कोण आहे, तिने खुणेनेच विचारलं.

"तुम्ही येऊन घेऊन जा," मिसेस टॅन म्हणाल्या. "आज या."

जायला हवं होतं. बालेस्टियर काही लांब नव्हतं. पण गार्गी समोर होती, तिची भुवई वर गेली होती, आणि त्याच्या तोंडून सवयीने मराठीतच निघून गेलं, "चार दिवसांत येतो."

मग मिसेस टॅन हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला नाही कळलं तुम्ही काय बोललात. फोन स्पीकरवर आहे. मी खोलीतच उभी आहे."

आणि त्यांच्या मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, उठू लागलेलं कुणीतरी पुन्हा नीट टेकून बसावं तसा.